आमिष ठेवण्याआधी

प्रस्तावना

जुन्नर, अकोले, संगमनेर या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली आणि बिबट्या दिसला, की गावातून पहिली मागणी येते ती पिंजऱ्याची. वनखात्याचा पिंजरा येतो, मागच्या कप्प्यात शेळी बांधली जाते आणि काही रात्रींत एखादा बिबट्या आत सापडतो. पण ज्यानं वासरू नेलं तोच हा, असं छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. शेळीच्या वासानं, ओरडण्यानं त्या रात्री त्या अंगानं जाणारा कुठलाही बिबट्या पिंजऱ्यात शिरू शकतो. इथं एक बिबट्या आला होता, एवढंच पिंजऱ्यावरून कळतं. तो इथलाच का, असे किती आहेत, शेळी नसती तर तो या बांधावरून गेला असता का, यातलं काहीच कळत नाही.

कॅमेरा ट्रॅपसमोर आमिष ठेवलं की हीच अडचण येते, पण ती चटकन लक्षात येत नाही. पिंजऱ्यात भलताच बिबट्या सापडला तर निदान गावात चर्चा तरी होते. कॅमेऱ्यात चांगला फोटो आला की सगळे खूश होतात. फोटो अहवालात जातो, अहवालातला आकडा पुढच्या व्यवस्थापन आराखड्यात जातो, आणि तो आकडा डबाबंद तारलीच्या वासावर उभा आहे ही गोष्ट मध्येच कुठं तरी गळून पडते. ती गळू नये यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. वनरक्षक आणि वनपाल, प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, निसर्गसंस्थांचे कार्यकर्ते यांच्या हातात आता कॅमेरे आले आहेत. कॅमेरा झाडाला कसा बांधायचा हे त्यांना कुणी तरी दाखवतं. त्याच्यासमोर काय ठेवायचं आणि मुळात काही ठेवायचं का, हे मात्र बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी बाजारात काय मिळालं त्यावर ठरतं.

कॅमेऱ्याला जनावर कसं कळतं, हे आधी समजून घ्यायला हवं. आपल्याकडं वापरतात त्या बहुतेक कॅमेरा ट्रॅपमधला सेन्सर उष्णतेतला फरक टिपतो. मागची जमीन आणि झाडोरा यांच्यापेक्षा वेगळ्या तापमानाचं काही समोरून हललं की कॅमेरा जागा होतो. थंडीच्या पहाटे गाडीवाटेवरून चाललेला वाघ त्याला सहज कळतो. मे महिन्यात चंद्रपूरकडं भर दुपारी दगड आणि माती जनावराच्या अंगाइतकीच तापलेली असते, तेव्हा तोच सेन्सर मंदावतो. मुंगूस तर अंगानं लहान आणि पळण्यात चपळ. कॅमेरा जागा होऊन पहिला फोटो निघेपर्यंत चौकटीत शेपटीचं टोक उरतं, कधी नुसतंच हललेलं गवत. वाघाटीसारखं लहान मांजर आलं तरी तीन पावलांत निघून जातं आणि अंगावरचे ठिपके ओळखण्याजोगा फोटो मिळत नाही.

म्हणजे आमिषाकडून आपण दोन वेगळी कामं करून घेत असतो. एक बोलावण्याचं आणि दुसरं थांबवण्याचं. जे जनावर या वाटेनं येणारच नव्हतं त्याला दुरून खेचून आणणं हे बोलावणं. जे येणारच होतं त्याला चार-सहा सेकंद कॅमेऱ्यासमोर उभं करणं हे थांबवणं. माझ्या मते या विषयातले निम्म्याहून अधिक घोटाळे या दोन कामांची गल्लत झाल्यानं होतात. बहुतेक सर्वेक्षणांत गरज थांबवण्याची असते आणि ठेवलेलं आमिष मात्र बोलावणारं असतं. कुजकी मासळी, कोंबडीची आतडी, मेलेलं जनावर यांचा वास वाऱ्याबरोबर कुठवर जातो याला काही माप नाही. ज्या वासाची हद्द ठाऊक नाही, त्यावर आलेली जनावरं किती चौरस किलोमीटरमधली हेही ठाऊक नाही. आणि क्षेत्रफळच ठाऊक नसेल तर घनता कशानं भागून काढणार?

जनावराकडून त्याचाच फोटो काढून घेण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे आणि आमिष तिच्याबरोबर पहिल्यापासून आहे. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रात्री फ्लॅश लावून रानातल्या जनावरांचे फोटो काढले. त्यांतले ७४ फोटो जुलै १९०६च्या नॅशनल जिऑग्राफिकमध्ये छापून आले. दोरीला आमिष बांधायचं, जनावरानं ते ओढलं की फ्लॅश उडायचा, ही युक्ती त्यांनी वापरली. फ्रँक चॅपमन यांनी पनामातल्या बॅरो कोलोरॅडो बेटावर अशाच तारा लावून प्यूमा, ऑसिलॉट, टेपिर यांचे फोटो मिळवले. त्यांचा लेख १९२७चा. त्याच वर्षी आपल्याकडं संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ प्रसिद्ध झालं. शिवालिकच्या जंगलात वाघांच्या नेहमीच्या वाटांवर त्यांनी तारा ताणल्या होत्या. रेडकू बांधून मचाणावर बसणं ही त्या काळची सर्रास रीत होती, आणि चॅम्पियन यांचा भर मात्र वाघ स्वतःहून कुठून जातो हे शोधण्यावर होता. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि फोटोवरून वाघ ओळखता येतो, हेही त्यांनी लिहून ठेवलं. पुढं के. उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत पट्ट्यांवरून वाघ ओळखून आणि पकड-पुनर्पकडीचं गणित लावून वाघांची संख्या काढली. तो अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. आजच्या व्याघ्रगणनेचा पाया तोच आहे.

मधल्या काळात जॉर्ज शॅलर यांनी कान्ह्यात १९६३ ते १९६५ या वर्षांत जनावर बांधून वाघ पाहिले. वाघीण पिल्लांना कसं खाऊ घालते, एकाच भक्ष्यावर दुसरा वाघ आला तर काय होतं, अशा गोष्टी त्यांना जवळून पाहता आल्या. त्यांचा प्रश्न वागणुकीचा होता आणि त्या प्रश्नाला आमिष चाललं. कान्ह्यात किती वाघ आहेत हा प्रश्न घेऊन तेच जनावर बांधलं असतं, तर आलेल्या वाघांवरून काही सांगणं अवघड झालं असतं. आमिष चांगलं की वाईट, हे प्रश्न हाती असल्याशिवाय ठरत नाही, आणि पुस्तिकेतल्या प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला मी प्रश्नच लिहिला आहे.

आपल्या देशातलं सर्वांत मोठं उदाहरण बिनआमिषाचं आहे. २०१८च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत १४१ क्षेत्रांमध्ये २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक फोटो निघाले. त्यांत वाघांचे ७६,६५१ आणि बिबट्यांचे ५१,७७७ होते. या गणनेची नोंद गिनीज बुकात झाली. २०२२च्या फेरीत ठिकाणं ३२,५८८ झाली. ही सगळी मांडणी जागेच्या निवडीवर चालते. जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे पाहून वाघाची वाट शोधायची आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढ्या उंचीवर समोरासमोर कॅमेरे बांधायचे, म्हणजे दोन्ही कुशींचे पट्टे मिळतात. वाघ आणि बिबट्या माणसांनी केलेल्या वाटा आपण होऊन वापरतात. मग आमिष कशाला? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१५ साली बिबट्यांची संख्या ३५ काढली गेली, ती कॅमेरा ट्रॅपवरूनच. अकोले खोऱ्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या रानात, वस्तीच्या कडेनं कॅमेरे लावले आणि १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि तेवढेच तरस असल्याचं दाखवून दिलं. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथं कॅमेऱ्यासमोर शेळ्या बांधल्या असत्या, तर वस्तीशेजारी शांतपणे राहणाऱ्या बिबट्यांचं ते चित्र कुणी खरं मानलं असतं का, याची मला शंका आहे. ‘तुम्हीच बोलावलेत’ असं कुणीही म्हटलं असतं आणि त्याला उत्तर देता आलं नसतं.

मग आमिष लागतं कुठं? जी जनावरं ठरावीक वाटांनी जात नाहीत, संख्येनं थोडी आहेत, किंवा दिसली तरी ओळखू येत नाहीत, तिथं. यातलं माझं सर्वांत आवडतं उदाहरण उत्तर अमेरिकेतल्या वुल्व्हरिनचं आहे. हा अस्वलासारखा दिसणारा, मुंगसासारखा वाकून चालणारा हिमप्रदेशातला मांसाहारी प्राणी. त्याच्या गळ्यावर आणि छातीवर फिकट ठिपके असतात आणि ते प्रत्येकाचे वेगळे असतात. पण चार पायांवर चालताना छाती दिसणार कशी? ऑड्री मॅगून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आडवा वासा बसवला, त्याच्या टोकापुढं वरून मांस लटकवलं आणि समोर कॅमेरा लावला. वुल्व्हरिन वाशावरून चालत येतो, मांस गाठण्यासाठी मागच्या पायांवर उभा राहतो आणि छाती कॅमेऱ्यासमोर उघडी होते. कोणता फोटो हवा ते आधी ठरलं, त्यासाठी जनावर कसं उभं राहायला हवं ते ठरलं, आणि मग मांस कुठं टांगायचं ते ठरलं. आमिषाचा विचार याच क्रमानं व्हायला हवा.

युरोपात रानमांजरासाठी व्हॅलेरियनच्या मुळीचा अर्क वापरतात. जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या जंगलांत एक खरबरीत लाकडी खुंटी जमिनीत ठोकतात आणि तिच्यावर अर्क शिंपडतात. मांजर येऊन तिच्यावर अंग घासतं, केस अडकतात, केसांवरून डीएनए मिळतो आणि शेजारी कॅमेरा असेल तर फोटोही. इथं खायला काहीच नसतं. मांजर पोट न भरता निघून जातं, म्हणून त्या जागेची सवय लागण्याची भीती कमी. कॅटनिप नावाच्या वनस्पतीचंही मांजरकुळाला वेड असतं, पण सगळ्यांना सारखं नाही. सिंह आणि जॅग्वार तिच्यावर लोळतात, वाघ फारसा ढुंकून पाहत नाही. एका मांजराला चाललं ते दुसऱ्याला चालेल असं गृहीत धरता येत नाही. उंदीर-घुशी आणि लहान सस्तन प्राण्यांसाठी शेंगदाण्याचं लोणी, ओट आणि मध यांचं मिश्रण जगभर चालतं. आपल्याकडं त्याचं काय होतं हे रानात काम करणाऱ्यांना सांगायला नको. रात्र व्हायच्या आत मुंगळे लागतात आणि सकाळी कॅमेऱ्यात मुंगळे खायला आलेले पक्षी मिळतात.

वासाच्या आमिषाची आपल्या राज्यात सर्वांत जास्त गाजलेली गोष्ट म्हणजे पांढरकवड्याच्या टी-१ वाघिणीची, अवनीची. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात २००३ साली दोन चित्त्यांना २४ अत्तरं हुंगायला देऊन पाहिली. कॅल्विन क्लाइन कंपनीचं ‘ऑब्सेशन फॉर मेन’ सर्वांत प्रभावी ठरलं, चित्ते त्यापाशी सरासरी ११ मिनिटं रेंगाळले. पुढं ग्वातेमालाच्या माया अभयारण्यात जॅग्वारना कॅमेऱ्यासमोर थांबवण्यासाठी ते वापरलं गेलं. या अत्तरात जवादीच्या गंधग्रंथीतल्या द्रव्याशी जुळणारा, प्रयोगशाळेत तयार केलेला गंध असतो. २०१८ साली यवतमाळ जिल्ह्यात १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेल्या अवनीला पकडण्याची मोहीम सुरू होती, तेव्हा हे अत्तर वापरायचं ठरलं आणि बातमी जगभर गेली. २ नोव्हेंबरच्या रात्री अवनीला गोळी घालून मारण्यात आलं. त्या मोहिमेचं बरंवाईट हा या पुस्तिकेचा विषय नाही. पण तेव्हापासून ‘कॅमेऱ्यापुढं अत्तर मारू का?’ हा प्रश्न प्रशिक्षणवर्गात हमखास येतो. ग्वातेमालात अत्तरानं थांबवण्याचं काम केलं. जॅग्वार त्या वाटेनं येतच होते, ते कॅमेऱ्यासमोर जास्त वेळ उभे राहिले आणि ठिपक्यांचे स्पष्ट फोटो मिळाले. मैलोन्‌मैल पसरलेल्या रानातून एका ठरावीक वाघिणीला बोलावून आणणं हे अगदी निराळं काम आहे, आणि पहिल्यातल्या यशावरून दुसऱ्याची आशा धरता येत नाही.

आमिषानं आकडा खरोखर बिघडतो का, याची तपासणी काही ठिकाणी काळजीपूर्वक झाली आहे. झिंबाब्वेत बिबट्यांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिष असलेल्या ठिकाणी फोटो जास्त मिळाले आणि अंदाजातली अनिश्चितता कमी झाली. मादागास्करमधल्या जवादीवर २०१२ साली असाच अभ्यास आला. आमिषामुळं बाहेरची जनावरं क्षेत्रात ओढली गेली का, हे तिथं मुद्दाम तपासलं आणि तसं झाल्याचं दिसलं नाही. घनताही फारशी बदलली नाही, अंदाज मात्र नेमका झाला. या निकालांचा आधार घेऊन आमिष बिनधोक आहे असं म्हणणारे भेटतात. मी तसं म्हणणार नाही. ही जनावरं आपापली हद्द राखणारी आहेत. शेजाऱ्याच्या हद्दीत मांसाचा वास आला तरी बिबट्या विचार करूनच जातो. कोल्हा, भटका कुत्रा, रानडुक्कर यांच्याबाबतीत तोच भरवसा धरता येणार नाही. शिवाय ॲमेझॉनच्या जंगलातल्या एका अभ्यासाचं निरीक्षण विसरून चालणार नाही. मांसाहारी प्राण्यांसाठी ठेवलेल्या आमिषाच्या ठिकाणी त्यांच्या भक्ष्यप्राण्यांचे फोटो घटू शकतात, असं त्यात दिसलं. आपल्याकडं कुणी बिबट्यासाठी मांस ठेवून त्याच कॅमेऱ्यावरून भेकर आणि पिसोरी मोजली, तर पिसोरी कमी झाली असा निष्कर्ष निघेल. ती फक्त त्या वासापासून लांबून गेलेली असेल.

दुसरा बिघाड सवयीचा. पहिल्या रात्री खायला मिळालं की जनावर दुसऱ्या रात्री पुन्हा येतं. एकाच उदमांजराचे तीस फोटो मिळतात आणि कॅमेऱ्यावर उदमांजरांची गर्दी दिसते. उलट कॅमेऱ्याच्या प्रकाशाला बिचकलेलं जनावर पुन्हा फिरकत नाही. पकड-पुनर्पकडीच्या गणितात या दोन्ही वागणुकींसाठी सोय आहे, पण त्यासाठी जनावर एकेक ओळखता यायला हवं. उदमांजर, मुंगूस, साळिंदर यांचं ते होत नाही. अशा प्राण्यांसाठी २००८ साली मांडली गेलेली एक पद्धत आहे. जनावराचा वेग आणि कॅमेऱ्याच्या नजरेचा टप्पा यांवरून तीत घनता काढतात. तिची पहिलीच अट अशी, की कॅमेरे जनावरांच्या हालचालीशी संबंध न ठेवता लावलेले असावेत. आमिष ठेवलं की ती अट मोडते आणि पुढचं सगळं गणित वाया जातं.

‘इथं हा प्राणी आहे का?’ एवढाच प्रश्न असेल तेव्हा मात्र मी सढळ हातानं आमिषाची बाजू घेईन. मलबार जवादीचं उदाहरण घ्या. १९८७ साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात तिची कातडी मिळाली. त्यानंतर कॅमेरे लावून तिचा शोध घेतला गेला, पण ती फोटोत आलेली नाही. असा प्राणी शोधताना तो एक किलोमीटरवरून आला की चार किलोमीटरवरून, याला महत्त्व नाही. एक स्पष्ट फोटो पुरे. अशा कामात बोलावणारं आमिष ठेवावं, भरपूर ठेवावं, आणि त्यावरून संख्येबद्दल अवाक्षर काढू नये.

कायद्याचा भाग अनेकांना नवा वाटेल, म्हणून तो इथंच सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २(१६) मधली ‘शिकार’ची व्याख्या वाचा. मारणं, विष घालणं, सापळा लावणं यांच्या बरोबरीनं वन्यप्राण्याला आमिष दाखवणंही तिच्यात येतं. आपला हेतू अभ्यासाचा आहे हे आपल्याला ठाऊक असतं, कागदावर ते असायला हवं. अभ्यासाच्या परवानगीच्या अर्जात कॅमेऱ्यांची संख्या लिहितात आणि आमिषाचा उल्लेख राहून जातो, असं फार वेळा होतं. कोणतं आमिष, किती, कुठं, किती दिवस, आणि काम संपल्यावर त्याचं काय करणार, हे अर्जात लिहा. अभयारण्याबाहेर, खाजगी मालकीच्या रानातही हे लागू आहे, कारण व्याख्या प्राण्याची आहे, जागेची नाही.

कोंबडीबद्दल थोडं सविस्तर लिहिणं मला गरजेचं वाटतं. ती स्वस्त मिळते, सगळीकडं मिळते, म्हणून आमिष म्हटलं की कोंबडीची आतडी हे समीकरण झालं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या दगावले आणि त्यांना बर्ड फ्लूची, एच५एन१ विषाणूची लागण झाल्याचं निष्पन्न झालं. मांजरकुळातल्या प्राण्यांना हा विषाणू घातक ठरतो हे आता आपल्या घरातलं उदाहरण आहे. पिंजऱ्यातल्या वाघावर लक्ष ठेवायला डॉक्टर असतो. जंगलातल्या कॅमेऱ्यासमोर टाकलेली कच्ची कोंबडी कोणी खाल्ली आणि पुढं त्याचं काय झालं हे पाहायला कुणी नसतं. माझं मत स्पष्ट आहे, कच्ची कोंबडी जंगलात नेऊ नये. मेलेल्या गुराचं मांस वापरायचं म्हटलं तर त्याला आधी कोणती औषधं दिली होती हे कळायला हवं. डायक्लोफेनॅकनं गिधाडांचं काय केलं ते आपण पाहिलं आहे. जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ साली बंदी आली, पण तोवर बहुतेक गिधाडं गेली होती. आमिषाभोवती भटकी कुत्री जमतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे आजार रानात येतात, हेही ध्यानात ठेवायला हवं.

आणि माणसं. विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात बायामाणसं मोहफुलं वेचायला निघतात, मे महिन्यात तेंदूपानं तोडायला जातात. त्यांच्या वाटा आणि अस्वलाच्या, बिबट्याच्या वाटा बऱ्याच ठिकाणी एकच असतात. मधाचं किंवा मांसाचं आमिष अशा वाटेच्या कडेला ठेवणारा माणूस दुसऱ्याच्या जिवाशी खेळत असतो. कॅमेरे लावण्याआधी गावात जाऊन, वेचणाऱ्या बायकांना विचारून वाटा नकाशावर काढाव्यात, आणि त्या दिवसांत त्या भागात आमिषच ठेवू नये. आणखी एक धोका हळूहळू वाढतो. माणसाच्या हातचं मांस सुरक्षित आहे असं जनावराला आपणच शिकवत असू, तर पुढं त्या मांसात काय घातलेलं असेल ते आपल्या हातात राहत नाही. जून २०२५ मध्ये कर्नाटकातल्या मले महादेश्वर डोंगरांत एक वाघीण आणि तिची ४ पिल्लं विष घातलेल्या गाईमुळं मेली.

एवढं सगळं लक्षात घेऊनही आमिष ठेवायचं ठरलं, तर ते कसं दिसावं? हातभर लांबीचा प्लॅस्टिकचा पाइप घ्या, नळाच्या कामाला वापरतात तो. दोन्ही टोकांना बुचं पक्की चिकटवा आणि अंगाला बारीक भोकं पाडा, वास जाईल पण जीभ जाणार नाही एवढी. आत तेलातली तारली किंवा सुकट एका कापडात गुंडाळून घाला, म्हणजे पावसात ओघळणार नाही. पाइप कॅमेऱ्यापासून दोन-अडीच मीटरवर, कॅमेऱ्याच्या समोर, जमिनीत रोवलेल्या लाकडी खुंटीला तारेनं आडवा बांधा. खुंटी झाडाला टेकवू नका, नाही तर जनावर पलीकडून हुंगेल आणि फोटोत नुसती खुंटी येईल. खुंटीवर दहा-दहा सेंटिमीटरवर खुणा करा, जनावराची उंची मोजायला त्या उपयोगी पडतात. मासळी हाताळताना हातमोजे घाला आणि तोच हात कॅमेऱ्याला लावू नका. मासळीचा वास लागलेला कॅमेरा रानडुक्कर आणि अस्वल दोघंही उपटून काढतात. सह्याद्रीत जूनपासून असं आमिष ठेवण्यात अर्थ नाही, पहिल्या दोन सरींत वास वाहून जातो. विदर्भाच्या उन्हाळ्यात मासळी लवकर वाळते. दर चौथ्या-पाचव्या दिवशी ती बदलावी आणि बदलल्याची तारीख नोंदवावी, कारण ताज्या आणि शिळ्या आमिषाच्या रात्री एकाच मापानं मोजता येत नाहीत.

सर्व ठिकाणी आमिष ठेवण्यापेक्षा निम्म्या ठिकाणी ठेवणं आणि अर्ध्या मुदतीनंतर अदलाबदल करणं मला जास्त पसंत आहे. फोटो कमी मिळतात हे खरं, पण आमिषानं काय फरक पडला हे आपल्याच जंगलातून, आपल्याच जनावरांकडून कळतं. परदेशातल्या अभ्यासांवर विसंबण्याची गरज मग कमी होत जाते. आपल्याकडं या विषयावर मराठीतच काय, कुठल्याही भाषेत छापलेली सामग्री थोडी आहे. कोयनेच्या सदाहरित जंगलात सुकटीनं काय केलं आणि नगर जिल्ह्यातल्या माळावर त्याच सुकटीनं काय केलं, हे शेजारी-शेजारी मांडलेलं मला वाचायला मिळालेलं नाही. हे काम वाचकांनी करावं म्हणून परिशिष्टात नोंदीचा तक्ता दिला आहे. प्रत्येक कॅमेऱ्यासाठी एक ओळ. ठिकाण, उंची, दिशा, आमिष, वजन, ठेवल्याची आणि बदलल्याची तारीख, मुंग्या लागल्या का, पाऊस झाला का, कुत्री आली का. ज्या रात्री काहीच आलं नाही ती रात्रही लिहायची. आमिष नसेल तर त्या रकान्यात ‘नाही’ असं लिहायचं, रिकामा ठेवायचा नाही. पुढं हा तक्ता हाताळणाऱ्याला रिकाम्या रकान्यावरून आमिष नव्हतं की लिहायचं राहिलं हे कळणार नाही.

पुस्तिकेतली प्रकरणं प्राण्यांप्रमाणे लावली आहेत. मोठी मांजरं आणि तरस यांचं प्रकरण छोटं आहे, कारण तिथं आमिषाची गरज क्वचित पडते. लहान मांसाहारी प्राण्यांचं सर्वांत मोठं आहे. पाणवठ्यांचं स्वतंत्र प्रकरण केलं आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजायची आपल्याकडं जुनी रीत आहे आणि आता तिथं कॅमेरेही लागतात. उन्हाळ्यातला पाणवठा हेही आमिषच आहे, ते आपण ठेवलेलं नसतं एवढंच. टँकरनं भरलेला पाणवठा असेल तर तेवढाही फरक उरत नाही, आणि नोंदीच्या तक्त्यात तो त्याच रकान्यात लिहावा अशी माझी विनंती आहे. शेवटचं प्रकरण काम संपल्यानंतरचं आहे, तारा, खुंट्या, पाइप आणि उरलेली मासळी परत आणण्याचं. कॅमेरे मोजून परत आणतात, तसे पाइपही मोजून आणायचे.